एका घराचा एक हात

माझ्या मोठ्या जावेचा उजवा हात तळव्यापासून काखेपर्यंत जळालेला आहे. कातडी गुलाबी, चकचकीत, कोपरापाशी आणि काखेत दोरी ओढून धरल्यासारखी आखडलेली. बनशंकरीच्या बाजारात भाजी घेताना बायका आधी हाताकडे बघतात आणि मग तोंडाकडे. रिक्षावाले सरळच विचारतात, एनायितु अक्का, म्हणजे काय झालं ताई. त्या शांतपणे सांगतात, "वोट हाकिदे." मत दिलं. रिक्षावाला हसतो, त्याला वाटतं बाई गंमत करतेय. मी शेजारी बसलेली असते आणि मला हसू येत नाही.

मीही त्यांना अक्काच म्हणते. आमचं घराणं बेंगळूरला इतकं मुरलंय की ताई, वहिनी ही हाक तोंडात येतच नाही. सासरे सोलापूर सोडून इथल्या सरकारी कारखान्यात लागले, दोन्ही मुलगे इंजिनिअर झाले, आणि जे. पी. नगरात घर बांधलं. वरच्या मजल्यावर थोरले, म्हणजे माझे दीर आणि अक्का. खाली आम्ही.

दिराला मी पूर्वी भाऊजी म्हणायचे, अहोजाहो करायचे. आता करत नाही. इथे मी त्याला ‘तो’च म्हणणार आहे. कुणाला खटकत असेल तर खटकू दे.

आमच्या लोकांचं एक मंडळ आहे, बनशंकरीला स्वतःचं सभागृह असलेलं. कारखान्यांत नोकरीला आलेल्या मराठी माणसांनी विटा वाहून बांधलं, असं आमच्या सासऱ्यांच्या पिढीतला प्रत्येक जण सांगायचा. विटा वाहणाऱ्यांना चहा आणि पोहे कुणी केले हे कुणी सांगायचं नाही. मंडळाचा नियम एकच होता, एका घराचा एक हात. सभासदत्व घराच्या नावावर, आणि घर म्हणजे घरातला कर्ता पुरुष. गणपती उठले की पुढच्या रविवारी वार्षिक सभा. सभेत चिठ्ठ्या नाहीत, मतपेटी नाही, हात वर करायचा. त्यातही मागे कधीतरी अर्धवट वर केलेल्या हातांवरून भांडणं झाली होती, तेव्हा तो, माझा दीर, चिटणीस होता. त्याने ठराव करून घेतला की कोपर कानाच्या वर गेलं तरच हात धरायचा, आणि उजवाच धरायचा. डावा हात शुभकार्याला चालत नाही तर मताला कसा चालेल, असं त्याचं म्हणणं. टाळ्या पडल्या होत्या. आम्ही त्या टाळ्या स्वयंपाकघरातून ऐकल्या.

कारण सभेच्या दिवशी आम्ही बायका स्वयंपाकघरातच असायचो. सभा संपली की जेवण. बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड आणि पुऱ्या. पुरी गरमच वाढायची, म्हणून सभेच्या शेवटच्या विषयाला कढई चढायची. अध्यक्षांची निवड व्हायची तेव्हा आमचे हात कणकेत असायचे. इतकी वर्षं हे असंच चाललं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही, खरं सांगते. जळ्ळी मेली ती सभा, असं वाटायचं. आत गप्पा तरी व्हायच्या.

अक्कांच्या डोक्यात हे कसं शिरलं ते सांगते. आमच्यात एक काकू आहेत, पोळ्या लाटण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांचे यजमान बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात कामावर असतानाच गेले. मुलगा नाही, दोन मुली. वर्षाच्या आत धाकटीचं ठरलं आणि काकू साखरपुड्यासाठी सभागृह मागायला गेल्या. सोबत अक्का होत्या. टेबलापलीकडे चिटणीस म्हणून बसलेला माणूस अक्कांचा नवरा. तो म्हणाला, तुमचं सभासदत्व यजमानांबरोबर संपलं. मुलगा असता तर त्याच्या नावावर केलं असतं. आता जावयाला सभासद करून घ्या, मग बघू. काकू म्हणाल्या, अहो, मी इथे जन्म काढला. तो म्हणाला, स्वयंपाकघरात काढला, त्याला सभासदत्व लागत नाही.

काकू रडत बाहेर आल्या. अक्का रडल्या नाहीत. त्या तिथेच उभ्या राहून नवऱ्याला म्हणाल्या की पुढच्या सभेत बायका हात वर करतील, काकूंसकट. त्याने समोरची वही मिटून खणात टाकली. चारचौघांत तो बायकोला कधीच काही बोलत नसे.

घरी मात्र मिक्सर लागला. वरच्या मजल्यावर मिक्सर रिकामाच घरघरायला लागला की आम्ही खाली समजायचो. तो आधी मिक्सर चालू करायचा, म्हणजे शेजारपाजारी आवाज जाऊ नये, आणि मग मारायचा. सपासप नाही, सावकाश. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी आमच्या ह्यांना म्हणायचे, वर जा, तुमचा सख्खा भाऊ आहे. हे पेपर तोंडासमोर धरून म्हणायचे, नवराबायकोचं आहे, घरोघरी मातीच्या चुली. एकदा मीच जिना चढून गेले आणि दाराच्या कडीवर दगड आपटत राहिले. त्याने दार उघडलं, शर्टाची बाही नीट केली आणि मला विचारलं, काही हवंय का. मागे अक्का भिंतीला धरून उभ्या होत्या, ओठ फाटलेला. मला म्हणाल्या, खाली जा, भात करपेल.

त्या साखरपुड्याच्या प्रकरणानंतर मार वाढला, पण अक्काही वाढल्या. संक्रांतीचं हळदीकुंकू त्यांनी आमच्याकडे खाली केलं, कारण वर तो करू देईना. आणि पहिलं कुंकू काकूंना लावलं. विधवेला. अर्ध्या बायका चपला घालून निघून गेल्या. उरलेल्या अर्ध्यांना अक्कांनी तिळगूळ दिला आणि म्हणाल्या, यंदा वाण म्हणून काही देणार नाही, मागणार आहे. सभेच्या दिवशी माझ्याबरोबर हॉलमध्ये येऊन बसायचं. बस्स. एक नवी मुलगी होती, पुण्याहून आलेली, आयटीवाली, तिला हे सगळं ऐकूनच आश्चर्य वाटलं. "वेट, म्हणजे आपल्याला वोटच नाहीये? सीरियसली?" असं तिने विचारलं. आम्हांला कुणी आजवर विचारलंच नव्हतं.

मग सुरू झालं एकेक. अक्कांच्या स्कूटरची सीट ब्लेडने फाडली. आमच्या खिडकीची काच फुटली, दगड माझ्या देवघरापर्यंत आला. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सुविचार यायचे, त्यांत एक दिवस आलं, हात दाखवून अवलक्षण. खाली कुठल्याशा शहाण्याने हसरे चेहरे टाकले. त्या पुण्याच्या मुलीचा नवरा, इंग्रजी फाडफाड बोलणारा, ऑफिसात म्हणे मोठ्या टीमचा साहेब, त्याने तिला मोबाईल फेकून मारला. भुवई फाटली, टाके पडले. ती टाके घेऊन तशीच आमच्याकडे आली आणि अक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मला वाटलं झालं, आता ही माघार घेणार. अक्कांनी विचारलं, येणार ना? ती म्हणाली, आता तर येणारच.

त्या रविवारी आम्ही भाजी केली, भात केला, श्रीखंड वाडग्यांत काढलं, कणीक तिंबून ओल्या फडक्याखाली ठेवली. मोठ्या शेगडीवर कढईत तेल तापायला ठेवलं. शेवटचा विषय पुकारल्याचं कानावर आलं तेव्हा अक्कांनी गॅस बंद केला, हात धुतले, पदर खोचला, आणि आम्ही ओळीने हॉलमध्ये गेलो. मागच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसलो. माझ्या छातीत धडधडत होतं, पण मजाही येत होती हो. पुरुषांच्या माना अशा वळल्या की विचारू नका.

अध्यक्ष म्हणजे एक वयस्क आजोबा, भला माणूस, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते म्हणाले, सभासद नसलेल्यांनी बाहेर जावं. कुणी हललं नाही. तेव्हा पुढच्या रांगेतले काही जण उठून आले आणि त्यांनी आमच्या खालून खुर्च्या ओढायला सुरुवात केली. हसत हसत, खेळीमेळीत चाललंय असं दाखवत. मी पाय रोवून धरले. पुण्याच्या मुलीने एकाच्या मनगटाला चावा घेतला. आणि काकूंची खुर्ची एकदम सुटली. त्या हातावर पडल्या. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, वाळकी शेंग मोडावी तसा. सगळे एकदम ओरडायला लागले. खुर्च्या उडाल्या. एकाचा चष्मा माझ्या पायाखाली फुटला, आणि मी पाय उचलला नाही.

काकूंना दोघी जणी दवाखान्यात घेऊन गेल्या. बाकीच्या आम्ही स्वयंपाकघरात परतलो. पुरुषांना वाटलं, झालं, बायका मुकाट्याने आपल्या जागी गेल्या. थोड्या वेळाने कुणीतरी पाटावर बसून वाटी वाजवली. पुरी का येत नाही म्हणून. अक्का मोठ्या शेगडीपाशी नुसत्या उभ्या होत्या. त्यांनी सांगून पाठवलं की पुऱ्या मत मिळाल्यावर.

मग तो आला. चिटणीस. आल्या आल्या त्याने काडेपेटी घेतली, शेगडी लावली, ज्योत मोठी केली. तेल आधीचंच गरम होतं, बघता बघता धुरावलं. मला म्हणाला, लाटा. मी लाटणं खाली ठेवलं. तो अक्कांकडे वळला. इथे मिक्सर नव्हता. आम्ही सगळ्या होतो, दारात चारपाच पुरुष होते, आमचे हेसुद्धा. मला अजून कळत नाही की इतक्या माणसांसमोर त्याला लाज कशी वाटली नाही. कदाचित घरात इतकी वर्षं कुणी काही बोललं नाही म्हणूनच.

त्याने अक्कांचं उजवं मनगट धरलं. आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "हाच ना? हाच वर करायचाय ना तुला?"

आणि त्याने तो हात खाली, तेलात दाबला.

अक्कांनी अंग मागे ओढलं, पाय घसरला, कढईचा कान त्यांच्या बांगडीत अडकला आणि कढई त्यांच्या अंगावर आली. तळवा, मनगट, कोपर, दंड, काख. ती किंकाळी मी लिहू शकत नाही. जळलेल्या कातडीचा वास पुरीच्या तेलात मिसळला होता. मी त्या दिवसापासून पुरी खाल्लेली नाही.

माझ्या हाताशी लोखंडी झारा होता. मी तो उचलला आणि त्याच्या कपाळावर हाणला, सगळ्या ताकदीने. तो पडला. मी परत हाणला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा आमच्या ह्यांनी मागून धरलं. त्याच्या कपाळावर ती खूण अजून आहे. मला त्याचं तिळमात्र वाईट वाटत नाही, आणि कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

दवाखान्यात जाताना रिक्षात आमचे हे म्हणायला लागले की तेल सांडलं असं सांगू, घराण्याची अब्रू आहे. मी काही बोलायच्या आतच दवाखाना आला. डॉक्टरीणबाई कन्नड होत्या. त्यांनी विचारलं, कसं झालं. अक्कांचे दात वाजत होते, हात ओल्या चादरीत गुंडाळलेला होता. तरी त्यांनी नीट, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "नन्न गंड माडिद्दु." माझ्या नवऱ्याने केलं. आमचे हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी पोलिसांना फोन केला.

त्याला अटक झाली, आणि जामीनही लगेच झाला. अक्का दवाखान्यातून परत आल्या त्या आमच्याकडे, खाली. मांडीची कातडी काढून हातावर लावली होती. जखमा भरल्या तशी कातडी आखडत गेली, काख तर पार चिकटून बसली. हात खांद्याच्या वर जाईना. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज ताणायला सांगून जायची. अक्का फ्रिजजवळच्या भिंतीला टेकून हात वर सरकवायच्या, डोळ्यांतून पाणी गळायचं, आणि जिथवर पोचला तिथे डाव्या हाताने कुंकवाचं बोट लावायच्या. मी म्हणायचे, स्वल्प कमी करा अक्का, कातडी फाटेल. त्या म्हणायच्या, नळ सोड, भांडी राहिलीत.

इकडे मंडळाची चूल बंद होती. कोजागिरीचं दूध नाही, दिवाळीचा फराळ नाही, दत्तजयंतीचा प्रसाद नाही. बाहेरून मागवलेल्या जेवणाला कुणी नावं ठेवली की आम्ही गालात हसायचो. शेवटी अध्यक्ष आजोबांनी खास सभा बोलावली. पहिला विषय, स्त्रियांना मत. आता गंमत बघा, आम्हांला मत द्यायचं की नाही हे ठरवायचं कुणी, तर पुरुषांनीच. आम्ही मागे उभ्या. हळूहळू हात वर जायला लागले. लाजेने गेले की भुकेने, देव जाणे. आमचे हे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. मी मागून त्यांच्या मानेकडे बघत होते. त्यांनी मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, आणि उजवा हात बाहेर काढला. कोपर कानाच्या वर गेलं. घरी आल्यावर मी त्यांच्या ताटात तूप जास्त वाढलं.

ठराव मंजूर झाला. काकूंचं नावही सभासदांत आलं, जावयाशिवाय. आजोबा म्हणाले, आता दुसरा विषय, चिटणिसांना मंडळातून काढावं की ठेवावं. आणि आता बायकांनीही हात करायचे.

तो तिथेच होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर माझ्या झाऱ्याची खूण. त्याला बोलायची मनाई होती, पण बसायची नव्हती. त्याच्या बाजूच्या रांगेत त्याचे लोक बसले होते, कमी नव्हते. एकेक मत हवं होतं.

काढावं म्हणणाऱ्यांनी हात करा, असं आजोबा म्हणाले. काकूंनी केला, मनगटाला अजून पट्टा बांधलेला. पुण्याच्या मुलीने केला. तिचा नवरा आला नव्हता, पुऱ्यांच्या त्या रविवारपासून ती वेगळीच राहते. मी केला. अक्कांनी उजवा हात उचलला आणि तो खांद्यापाशी थांबला.

आजोबा मोजत मोजत आले. अक्कांपाशी थबकले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, डावा करा. मी धरतो."

"डावा नको," अक्का म्हणाल्या. "हा धरा."

तेव्हा तो बोलला. मनाई असून बोलला. खुर्चीतून न उठता, आपल्याच ठरावातले शब्द म्हणाला, "कोपर कानाच्या वर नाही."

मी अक्कांच्या कोपराखाली माझा हात नेला. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी हात वर ढकलला. थोडा गेला. परत ढकलला. काखेत काहीतरी फाटल्याचा आवाज झाला, जुनं लुगडं टरकावं तसा, आणि त्यांच्या तोंडून एक हुंकार निघाला. ब्लाउज लाल झाला. रक्त कुशीवरून साडीत, साडीतून फरशीवर उतरलं. आणि कोपर कानाच्या वर गेलं.

आजोबांनी त्यांचा हात मोजला. पुढचे मोजले, मग दुसऱ्या बाजूचे मोजले, आणि सांगितलं की त्याला काढलं आहे. टाळ्या पडल्या नाहीत. मी पदर काढून अक्कांच्या काखेत दाबत होते आणि रडत होते, मोठ्याने, कुणाचीही पर्वा न करता. सगळ्यांचे हात केव्हाच खाली गेले होते. अक्कांचा तसाच होता.

आजोबा जवळ आले, म्हणाले, झालं बाई, मोजून झालं, घ्या आता खाली.

"स्वल्प थांबा," अक्का म्हणाल्या. "त्याला बघू दे."